लीव्ह टू एंटर : एका ‘तात्पुरत्या’ कायद्याची गोष्ट

ऑफिसात ‘लीव्ह’ म्हटलं की आपल्याला आधी सुट्टी आठवते. पण ब्रिटनचा इमिग्रेशन कायदा वाचायला घेतला की पानोपानी ‘लीव्ह टू एंटर’ हे शब्द भेटतात. इथली लीव्ह म्हणजे परवानगी. (आपल्या ‘रजा’ या शब्दालाही हे दोन्ही अर्थ आहेत, हा एक छान योगायोग.) म्हणजे अर्ज, फी, बँक स्टेटमेंट, बोटांचे ठसे एवढं सगळं झाल्यावरही काउंटरमागचा अधिकारी तुम्हाला आत यायची ‘रजा’ देणार आणि मगच तुम्ही आत पाऊल टाकणार.

आता हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की जगात कायम असंच असणार असं वाटतं. आमच्या क्षेत्रात तर अर्धी टीम कुठल्या ना कुठल्या व्हिसाच्या रांगेत उभी असते. पण १९०४ साली एखादा माणूस हॅम्बुर्गहून बोटीत बसून लंडनला उतरला, तर त्याला अडवायचा अधिकार कुणालाच नव्हता. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, ‘किती दिवस राहणार?’ हा प्रश्नही नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर दाराचं सेटिंग ‘डिफॉल्ट अलाऊ’ होतं. १९१४ मध्ये ते ‘डिफॉल्ट डिनाय’ झालं. हे कसं झालं आणि त्यात काय हरवलं, हे गेल्या काही वीकेंडना वाचत होतो. तेच आज लिहितोय.

तसा पहिला कायदा बराच जुना, १७९३ चा. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झालेली. सप्टेंबर १७९२ मध्ये पॅरिसच्या तुरुंगांत कत्तली झाल्या आणि सरदार, पाद्री, त्यांचे नोकरचाकर असे हजारो लोक खाडी ओलांडून इंग्लंडला आले. त्यांच्याबद्दल सहानुभूती होती, पण त्यांच्यात क्रांतीचे हेर मिसळले असतील ही भीतीही होती. डिसेंबर १७९२ मध्ये परराष्ट्रमंत्री ग्रेनव्हिल यांनी उमरावांच्या सभागृहात विधेयक आणलं. खालच्या सभागृहातल्या चर्चेत एडमंड बर्क यांनी कोटातून खंजीर काढून सभागृहाच्या जमिनीवर फेकला. ‘फ्रान्सशी दोस्ती केलीत तर हेच मिळेल’ असा एकूण आविर्भाव! (त्यावर ‘सुरी आली, काटा कुठंय?’ असं कुणीतरी विचारल्याची आख्यायिका आहे.)

कायद्याने बंदरावर उतरणाऱ्या परदेशी माणसाला आपलं नाव, धंदा वगैरे जकात अधिकाऱ्याकडे नोंदवणं भाग पडलं. देशात फिरायलाही परवाना लागू लागला आणि सरकारला वाटेल त्याला बाहेर काढायचा अधिकार मिळाला. गृहखात्यात यासाठी ‘एलियन ऑफिस’ उघडलं. (एलियन म्हणजे मंगळावरचे नव्हेत, परदेशी लोक. :) ) नोंदणीचं हे ऑफिस पुढे चक्क हेरगिरीचं केंद्र झालं. १७९४ मध्ये याच कायद्याखाली तालेराँ या फ्रेंच मुत्सद्द्याला देशाबाहेर काढलं. तो अमेरिकेला गेला. गंमत म्हणजे १८३० मध्ये तोच माणूस फ्रान्सचा राजदूत म्हणून वाजतगाजत लंडनला परत आला.

हा कायदा तात्पुरता होता आणि खरोखरच तात्पुरता ठरला, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल. नेपोलियनचा पराभव झाल्यावर तो हळूहळू सैल झाला. १८२६ च्या कायद्यात फक्त नोंदणी उरली. १८३६ च्या कायद्यात बोटीच्या कप्तानाने परदेशी प्रवाशांची यादी द्यायची, एवढंच. तीही पुढे फारशी कुणी मनावर घेईनासं झालं.

आणि मग सुरू झाला तो कमाल काळ. १८२३ पासून १९०५ पर्यंत ब्रिटनमध्ये आलेल्या एकाही राजकीय निर्वासिताला दारातून परत पाठवलं गेलं नाही की आत आल्यावर हाकललं गेलं नाही. १८४८ मध्ये सगळ्या युरोपात उठाव झाले तेव्हा घाबरून हकालपट्टीचा एक कायदा केला होता, पण तो एकाही माणसावर न वापरता १८५० मध्ये संपला. त्याच सुमारास कोण कोण आलं बघा. पदच्युत झालेला फ्रेंच राजा लुई फिलीप आला. ऑस्ट्रियाचा पळालेला चान्सलर मेटरनिक आला. पुढच्या वर्षी राजेशाह्या उलथवायची भाषा करणारा कार्ल मार्क्सही आला. उलथलेले आणि उलथवणारे, सगळे एकाच देशात भाड्याने राहत होते!

याला इंग्रजांचं मोठं मन म्हणावं का? थोडं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमानही फार होता. पण मुक्त व्यापाराचा तो काळ होता, माल आणि माणसं अडवू नयेत हा त्या पिढीचा विश्वास होता. शिवाय येणारे लोक थोडे होते आणि सरकारला त्यांच्यावर फारसा खर्च करावा लागत नव्हता. दार उघडं होतं, पण आत पान वाढून ठेवलेलं नव्हतं. मार्क्सच्या घरची गरिबी प्रसिद्धच आहे.

तरीही हे तत्त्व नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. जानेवारी १८५८ मध्ये ऑर्सिनी या इटालियन क्रांतिकारकाने पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनवर बॉम्ब फेकले. सम्राट वाचला, रस्त्यावरची माणसं मेली. कटाची तयारी इंग्लंडमध्ये झाली होती आणि बॉम्बची कवचं बर्मिंगहॅमला बनवून घेतली होती. फ्रान्स भडकला. पंतप्रधान पामर्स्टन यांनी परदेशातल्या खुनाच्या कटाबद्दल शिक्षा वाढवणारं विधेयक आणलं. निर्वासितांना बाहेर काढा असंही त्यात नव्हतं! पण ‘फ्रान्सच्या धाकाने आमचे कायदे बदलणार का?’ असा गदारोळ झाला, विधेयक पडलं आणि सरकारही पडलं. कटात मदत केल्याचा आरोप असलेल्या सिमॉन बर्नार या फ्रेंच निर्वासिताला लंडनच्या ज्यूरीने निर्दोष सोडलं. पुढे १८७० च्या प्रत्यार्पण कायद्यात तर स्पष्टच लिहिलं गेलं की राजकीय गुन्ह्यासाठी कुणाला परत देणार नाही.

मग बदललं काय? येणारी माणसं बदलली.

१८८१ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला. त्यानंतर ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले आणि १८८२ मध्ये ज्यूंवर नवी बंधनं आली. गरिबी होतीच. पुढच्या तीसेक वर्षांत लाखो ज्यू पश्चिमेकडे निघाले. बहुतेकांना अमेरिका गाठायची होती. त्यांच्यातले कितीतरी हलला उतरून रेल्वेने लिव्हरपूलला जाऊन पुढची बोट धरायचे. पण लाख-सव्वा लाख लोक ब्रिटनमध्येच राहिले, आणि त्यातले बरेचसे लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, व्हाइटचॅपल-स्टेपनीच्या गल्ल्यांत. शिंपीकाम, बूट, टोप्या. एका खोलीत शिलाई मशिनं, तिथेच झोपायचं. भाषा यिडिश. धारावीतल्या माळ्यावरचा एखादा कारखाना पाहिला असेल तर चित्र डोळ्यांसमोर येईल.

१९०१ च्या जनगणनेत देशातल्या एकूण परदेशी नागरिकांचं प्रमाण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होतं. पण सरासरीत कुणी राहत नाही, गल्लीत राहतं. स्टेपनीत भाडी वाढली, जुने भाडेकरू हलले, दुकानांच्या पाट्या बदलल्या. कमी मजुरीत काम करतात म्हणून कामगार संघटनांच्या काँग्रेसनेही १८९० च्या दशकात बंदीचे ठराव केले. १८९५ मध्ये ज्यू कामगार संघटनांनी पत्रक काढून त्याला उत्तर दिलं. (‘बाहेरचे लोक येऊन आमच्या नोकऱ्या घेतात’ हे वाक्य मुंबईत वाढलेल्या माणसाला नवीन नाही. ते वेगवेगळ्या बाजूंनी ऐकलंय आपण.) १९०१ मध्ये ‘ब्रिटिश ब्रदर्स लीग’ निघाली. स्टेपनीचे खासदार मेजर इव्हान्स-गॉर्डन यांनी हा विषय आपलाच करून टाकला. १९०२ च्या जानेवारीत माइल एंडच्या पीपल्स पॅलेसमध्ये प्रचंड सभा झाली. त्याच वर्षी सरकारने रॉयल कमिशन नेमलं. त्यासमोर साक्ष द्यायला खुद्द थिओडोर हर्झल आले होते. १९०३ च्या अहवालात घरांची दाटी खरी ठरली. रोगराई आणल्याचा आरोप मात्र टिकला नाही. तरी निर्बंधांची शिफारस झालीच.

१९०४ चं पहिलं विधेयक बारगळलं. त्याला जोरदार विरोध करणारा एक तरुण खासदार होता विन्स्टन चर्चिल. त्याच वर्षी तो हुजूर पक्ष सोडून लिबरलांत गेला आणि ज्यू मतदार बऱ्यापैकी असलेल्या मँचेस्टरच्या एका मतदारसंघाकडे त्याचं लक्ष होतं, हेही सांगायला हवं. १९०५ मध्ये पंतप्रधान बॅल्फोर यांनी दुसरं विधेयक मंजूर करून घेतलं. होय, १९१७ च्या जाहीरनाम्याने ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय घर देऊ करणारे तेच बॅल्फोर.

१९०५ चा एलियन्स अ‍ॅक्ट १ जानेवारी १९०६ पासून लागू झाला. त्याचा स्पेक वाचला की कुठल्याही इंजिनिअरला हसू येईल. तपासणी फक्त ‘इमिग्रंट जहाजा’ची. इमिग्रंट जहाज म्हणजे काय? तर ज्यात स्टिअरेजचे, म्हणजे तळातल्या सगळ्यात स्वस्त तिकिटाचे, वीसपेक्षा जास्त परदेशी प्रवासी आहेत ते. एकोणीस आणले तर तपासणी नाही. केबिनचं तिकीट काढलं तर तुम्हाला कुणी विचारणारच नाही. म्हणजे फिल्टर माणसावर नव्हता, तिकिटाच्या दरावर होता. स्वतःला आणि कुटुंबाला पोसू न शकणारा, वेडा, आजारपणामुळे समाजावर भार होईल असा, गुन्हेगार (राजकीय गुन्हा सोडून) हे ‘नकोसे’. पोसण्याची पात्रता ठरवायला अंमलबजावणीत पाच पौंडांचा नियम होता, आणि अवलंबून असलेल्या दर माणसामागे आणखी दोन पौंड.

पण याच भोकं पडलेल्या कायद्यात दोन चांगल्या गोष्टी होत्या. एक, अधिकाऱ्याने ‘नाही’ म्हटलं तर बंदरावरच्या तीन जणांच्या मंडळाकडे अपील करता यायचं. दुसरी फार मोलाची. धार्मिक किंवा राजकीय छळातून सुटायला आलोय हे सिद्ध केलं, तर केवळ खिशात पैसे नाहीत म्हणून परत पाठवता येणार नाही, असं कायद्यात लिहिलेलं होतं. तोवर आश्रय ही प्रथा होती, अभिमानाची गोष्ट होती. आता पहिल्यांदा ती कलमात आली. पहिल्या वर्षी, म्हणजे १९०६ मध्ये, या कलमाखाली पाचशेच्या आसपास लोक आत आले. १९१० मध्ये पाच. लिहिलेला हक्क किती माणसांना मिळतो हे पुरावा कुणाला मागायचा आणि किती, यावर ठरतं. पोग्रोममधून पळालेला माणूस छळाची पावती थोडीच घेऊन येणार?

आणखी एक गोष्ट या कायद्याने आणली. ‘इमिग्रेशन ऑफिसर’ हे पद आणि त्याच्या ‘लीव्ह’शिवाय उतरायचं नाही हा शब्दप्रयोग. यंत्र छोटं होतं, पण बसवलं गेलं.

आता प्रश्न पडेल की या सगळ्यात आपण कुठे होतो? आपण ‘एलियन’ नव्हतोच! हिंदुस्थानातला माणूस ब्रिटिश राजाचा प्रजाजन, त्यामुळे हे कायदे त्याला लागू नव्हते. ईस्ट एंडमधल्याच बेथनल ग्रीन नॉर्थ-ईस्टचे खासदार १८९५ ते १९०६ या काळात होते सर मंचरजी भावनगरी, मुंबईत जन्मलेले पारशी आणि तेही सत्ताधारी हुजूर पक्षाचे. विल्नाचा शिंपी परका आणि मुंबईचा पारशी आपला. अंतराचा किंवा वर्णाचा हा हिशोब नव्हता, राजा कोण याचा होता.

पण प्रजाजन असण्याची दुसरी बाजूही होती. १३ मार्च १९१० ला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर विनायक दामोदर सावरकरांना अटक झाली. ते इटालियन किंवा रशियन क्रांतिकारक असते, तर १८७० च्या कायद्यातलं राजकीय गुन्ह्याचं कलम त्यांच्या बाजूने उभं राहिलं असतं. पण ते ब्रिटिश प्रजाजन होते आणि साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपी पाठवायला १८८१ चा फ्युजिटिव्ह ऑफेंडर्स अ‍ॅक्ट होता. त्यात राजकीय गुन्ह्याचा अपवादच नव्हता. त्याच कायद्याने त्यांना हिंदुस्थानात पाठवलं. ८ जुलै १९१० ला मार्सेलला त्यांनी ‘मोरिया’ बोटीतून मारलेली उडी आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्या उडीचं कायदेशीर गणित मात्र मला आत्ता कुठे नीट समजलं. फ्रान्सच्या जमिनीवर पाय टेकले की ते ‘परके’ होणार होते, आणि आश्रय परक्यालाच मिळतो.

ब्रिटनमध्ये तोवर हवा आणखी तापली होती. डिसेंबर १९१० मध्ये हाउंड्सडिचला दरोडेखोरांनी तीन पोलिसांना ठार केलं. जानेवारी १९११ मध्ये सिडनी स्ट्रीटला त्यांना वेढा पडला. संशयित लाटव्हियाकडचे. वेढा बघायला गृहमंत्री स्वतः हजर होते. नाव विन्स्टन चर्चिल! सात वर्षांपूर्वी विरोध करणाऱ्या याच माणसाने १९११ मध्ये परदेशी लोकांविरुद्ध जास्त कडक विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. पण ते फार दिवस लागणारच नव्हतं.

४ ऑगस्ट १९१४ च्या रात्री युद्ध जाहीर झालं. ५ ऑगस्टला एलियन्स रिस्ट्रिक्शन अ‍ॅक्ट एका दिवसात सगळ्या वाचनांसकट मंजूर झाला. आता अडवायला जहाज कोणतं, तिकीट कोणतं हे बघायची गरज नव्हती. परदेशी माणसाला उतरू न देणं, पोलिसांकडे नोंदवायला लावणं, ठरावीक भागात ठेवणं, हाकलणं हे सगळं सरकार नुसत्या आदेशाने करू शकत होतं. आणि एक बारीकसं पोटकलम होतं. एखादा माणूस परदेशी आहे की नाही असा वाद झाला, तर ‘मी परदेशी नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसाचीच.

युद्धकाळात हे समजण्यासारखं होतं, आणि याच देशाने त्याच वेळी अडीच लाख बेल्जियन निर्वासितांना आसराही दिला. पण दुसऱ्या बाजूला तीस हजारांहून अधिक जर्मन-ऑस्ट्रियन पुरुष छावण्यांत डांबले गेले. त्यातले अनेक लंडनमध्ये वर्षानुवर्षं राहिलेले होते.

युद्ध संपलं. कायदा संपला नाही. १९१९ मध्ये तो शांततेच्या काळातही ‘एका वर्षासाठी’ वाढवला, आणि १९०५ चा कायदा रद्द केला. त्याबरोबर अपील मंडळं गेली आणि आश्रयाचं कलमही गेलं. मोठी चर्चा होऊन, मतदान होऊन गेलं असतं तर निदान लोकांना कळलं असतं. जुनी फाइल डिलीट करताना तिच्यातलं एक महत्त्वाचं फंक्शनही जावं, तसं गेलं. १९२० च्या आदेशात आजचं सगळं चित्र दिसतं. प्रत्येक परदेशी माणसाला अधिकाऱ्याची लीव्ह हवी. नोकरी करायची तर कामगार खात्याचा परवाना हवा, आणि तो परवाना मालकाच्या नावाने! ‘स्पॉन्सर’ कंपनी सोडली की व्हिसाचं काय, ही आपल्यातल्या कितीतरी जणांची चिंता थेट तिथपर्यंत जाते.

त्या एका वर्षाचं काय झालं? दरवर्षी ‘मुदत संपणारे कायदे चालू ठेवण्याचा कायदा’ नावाचा एक कायदा पार्लमेंटमध्ये यायचा (खरंच असं नाव होतं), आणि त्यातल्या यादीत हाही असायचा. असं १९७१ पर्यंत चाललं. ‘टेम्पररी फिक्स आहे, पुढच्या रिलीजला काढू’ असं म्हणून प्रॉडक्शनमध्ये टाकलेला कोड पन्नास वर्षं चालला. आपल्याकडेही चालतो, पण आपल्या कोडने सहसा माणसं दाराबाहेर राहत नाहीत.

त्या बारीक पोटकलमाचा तडाखा लवकरच आपल्या लोकांना बसला. कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतले पुरुष तेव्हा ‘बोटीवर’ असायचे. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर डेकवर कोकणातले आणि खानपानात गोव्याचे खलाशी ठरलेले. १९२५ मध्ये ‘कलर्ड एलियन सीमेन ऑर्डर’ निघाली. ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागद दाखवू न शकणाऱ्या प्रत्येक काळ्या-सावळ्या खलाशाने परदेशी म्हणून पोलिसांत नोंद करायची. खलाशांना तोवर पासपोर्ट लागतच नसे, त्यामुळे बहुतेकांकडे कागद नव्हता. कार्डिफसारख्या बंदरांत एडनचे, सोमाली, हिंदुस्थानी, आफ्रिकेतले असे कितीतरी प्रजाजन एका रात्रीत ‘एलियन’ झाले. गोऱ्या खलाशाला हा प्रश्न विचारलाच जात नव्हता. परक्यांसाठी बनवलेलं यंत्र प्रजाजनांवर चालवायला कायदा बदलावा लागला नाही, फक्त ‘सिद्ध कर’ म्हणावं लागलं.

आणि १९०५ चं ते हरवलेलं कलम? १९३३ पासून जर्मनीतून ज्यू बाहेर पडू लागले. आता ब्रिटिश कायद्यात निर्वासित असा शब्दच नव्हता. जो येईल तो इतर परदेशी माणसांसारखाच. पैसे आहेत का, परवाना आहे का, कुणाची हमी आहे का? मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनने जर्मन-ऑस्ट्रियन पासपोर्टवर व्हिसा सक्तीचा केला. दारापर्यंत यायच्या आधीच गाळणी. नोव्हेंबरच्या दंगलींनंतर सरकारने मुलांना यायची मुभा दिली आणि सुमारे दहा हजार मुलं वाचली, त्यातली पहिली २ डिसेंबर १९३८ ला हार्विच बंदरात उतरली. पुढे दर मुलामागे पन्नास पौंडांची हमी लागायची. ही मुलं वाचवणाऱ्या सामान्य ब्रिटिश माणसांचं ऋण मोठं आहे. पण आईबापांसाठी ती सोय नव्हती, आणि बहुतेक मुलांनी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

१९०५ चं कलम टिकलं असतं तर सगळे वाचले असते असा दावा मी करणार नाही. ते कलम राबवणारे अधिकारी किती काटेकोर होते हे १९१० च्या त्या पाच माणसांवरून दिसतंच. पण कलम असतं तर निदान बंदरावर उभ्या राहिलेल्या माणसाला बोट ठेवायला एक ओळ असती. ती नव्हती, म्हणून सगळं दयेवर गेलं. आणि दया कोटा ठरवूनच येते.

आपला, म्हणजे स्वतंत्र भारताच्या नागरिकांचा, उघड्या दाराने जायचा हक्क १ जुलै १९६२ ला संपला, कॉमनवेल्थ इमिग्रंट्स अ‍ॅक्ट लागू झाला तेव्हा. १९७१ च्या कायद्याने परके आणि कॉमनवेल्थचे दोघांनाही जवळपास एकाच ‘लीव्ह’खाली आणलं. त्या मधल्या नऊ वर्षांत पूर्व आफ्रिकेतल्या गुजराती आणि गोवेकरांचं काय झालं ही वेगळीच आणि बरीच कडू गोष्ट आहे. ती पुढच्या एखाद्या शनिवारी.